वाक्य संपवायचं कसं? जपानी भाषेची ऐंशी वर्षं

१५ ऑगस्ट १९४५, दुपारचे बारा. जपानभर लोक रेडिओभोवती जमले होते. सम्राट स्वतः बोलणार, असं आधीच जाहीर झालं होतं, आणि सामान्य माणसानं सम्राटाचा आवाज रेडिओवर त्यापूर्वी कधीच ऐकला नव्हता. भाषण जेमतेम साडेचार मिनिटांचं. ते संपलं तेव्हा अनेकांना कळेना, की युद्ध थांबलंय की आणखी नेटानं लढा असं सांगितलंय? रेडिओची खरखर होतीच. पण मोठी अडचण भाषेची होती. मजकुरात 'शरणागती' हा शब्दच नव्हता आणि वाक्यं होती चिनी वळणाच्या जुन्या ग्रंथभाषेत. निवेदकानं मागाहून तोच मजकूर पुन्हा वाचून खुलासा केला, तेव्हा बऱ्याच घरांत उलगडा झाला.

आपण हरलो, हे लोकांना त्यांच्याच भाषेत नीट कळू नये, याचं मला फार वाईट वाटतं. आणि नवलही वाटतं, कारण तोवर जपानी कादंबऱ्या, वर्तमानपत्रं, शाळेची पुस्तकं बोलत्या भाषेत यायला लागून बराच काळ लोटला होता. त्या बोलत्या भाषेला छापील कागदावर जागा मिळवून द्यायला काही माणसांनी आयुष्य खर्ची घातलं होतं. या चळवळीला जपानीत 'गेन्बुन इच्ची' म्हणतात, म्हणजे बोलणं आणि लिहिणं एक करणं. ऐकायला हे सोपं वाटतं. प्रत्यक्षात ते इतकं अवघड का गेलं, हे समजलं की आधुनिक जपानी साहित्याचं कुलूप उघडतं.

आधी थोडं व्याकरण. जपानी वाक्याची रचना मराठी माणसाला परकी वाटत नाही. कर्ता, कर्म आणि शेवटी क्रियापद. पण त्या शेवटच्या क्रियापदात एक जास्तीची गोष्ट दडलेली असते. मराठीत 'पाऊस आहे' हे वाक्य मी मित्राला सांगितलं काय किंवा साहेबांना सांगितलं काय, 'आहे' तेच राहतं. जपानीत तसं नाही. मित्राला सांगताना 'आमे दा'. अनोळखी माणसाला 'आमे देसु'. दुकानात गिऱ्हाइकाला 'आमे दे गोझाइमासु'. पाऊस तोच, सांगणारा तोच, पण ऐकणारा बदलला की वाक्याचं शेपूट बदलतं. म्हणजे समोर कोण आहे हे ठरवल्याशिवाय बोलत्या जपानीत साधं वाक्यही पुरं करता येत नाही.

समोरासमोर बोलताना याचा काहीच त्रास नाही. पण पुस्तक लिहिताना? वाचणारा कोण, तो माझ्यापेक्षा वरचा की खालचा, मला काय माहीत!

१८६८ पूर्वीच्या जपानला हा प्रश्न पडत नव्हता. तोकुगावा राजवटीत सामुराई, शेतकरी, कारागीर, व्यापारी अशा पायऱ्या ठरलेल्या होत्या आणि लिखाणाच्या तऱ्हाही ठरलेल्या. विद्वान माणूस चिनी भाषेत लिही आणि खुणा घालून तेच जपानी क्रमानं वाची. पत्रव्यवहाराची शैली वेगळी, तिच्यात वाक्यामागून वाक्य 'सोरो' या नम्र शब्दावर संपायचं. आपल्याकडच्या पेशवेकालीन पत्रांत 'विज्ञापना ऐसीजे' येतं, तशातला तो साचा. काव्याची, कथेची भाषा आणखी निराळी. पत्रं सोडली तर या ग्रंथशैलींमध्ये वाक्य 'नारी' किंवा 'केरी' अशा जुन्या रूपांवर थांबे. ती रूपं रोज कुणाच्याच तोंडी नव्हती, म्हणून ती कुणाचा मानही करत नसत आणि अपमानही. लेखक त्या आडोशाला सुरक्षित होता.

१८५३ मध्ये अमेरिकेची काळी जहाजं एदोच्या उपसागरात आली आणि पंधरा वर्षांत ही सगळी व्यवस्था कोसळली. १८६८ मध्ये मेइजी सत्तांतर झालं, म्हणजे शोगुन या तोकुगावा लष्करी शासकाची सत्ता जाऊन ती सम्राटाकडे आली, आणि एदोचं तोक्यो झालं. १८७१ मध्ये सरंजामी संस्थानं गेली, १८७२ मध्ये सर्वांसाठी शाळांची योजना आली, १८७६ मध्ये सामुराईंच्या कमरेची तलवार उतरली. ज्या माणसाचा दर्जा कपड्यांवरून, तलवारीवरून कळे, तो आता नुसताच रस्त्यावरून चालणारा माणूस झाला. त्याच्याशी बोलायचं कोणत्या क्रियापदानं?

भाषा बदलायला हवी, हे काही जणांना सत्तांतराच्या आधीच दिसलं होतं. १८६६ मध्ये माएजिमा हिसोका यांनी (जपानी नावांत आडनाव आधी येतं, मी तोच क्रम ठेवलाय) शोगुनला अर्ज केला, की चिनी अक्षरं काढून टाका. हजारो अक्षरं घोकण्यात मुलांची उमेदीची वर्षं वाया जातात, असं त्यांचं म्हणणं. याच माएजिमांनी पुढे जपानची आधुनिक टपालसेवा उभी केली. आपापसांत पत्रं पाठवता यावीत आणि ती लिहिता-वाचताही यावीत, ही दोन्ही कामं एकाच माणसाच्या डोक्यात होती, हे मला फार अर्थपूर्ण वाटतं.

मोरी आरिनोरी तर त्याहून पुढे गेले. वॉशिंग्टनमध्ये जपानचे प्रतिनिधी असताना १८७२ मध्ये त्यांनी येल विद्यापीठातल्या विल्यम व्हिटनी यांना पत्र लिहून इंग्रजी स्वीकारण्याची कल्पना मांडली. हे व्हिटनी म्हणजे संस्कृत व्याकरणकार, आपल्याकडच्या संस्कृतच्या अभ्यासकांना चांगलेच ठाऊक असलेले. त्यांनी मोरींना आपली भाषा सोडू नका, असा सल्ला दिला. लंडनमध्ये शिकणाऱ्या बाबा तात्सुई या तरुणानं १८७३ मध्ये जपानीचं व्याकरण इंग्रजीत लिहून दाखवलं आणि बजावलं, की परकी भाषा आणली तर वरचा वर्ग आणि सामान्य जनता एकमेकांपासून तुटतील. नवी विद्या पेलायला जपानी समर्थ नाही, या समजुतीला ते व्याकरणाचं पुस्तक हेच उत्तर होतं.

दरम्यान शब्दांचा कारखाना जोरात चालला होता. पाश्चात्त्य पुस्तकांतल्या कल्पनांना जपानीत नावंच नव्हती. आपण संस्कृत धातूंपासून नवे शब्द घडवतो, तसे जपानी विद्वानांनी चिनी अक्षरं जोडून शब्द घडवले किंवा जुन्यांना नवा अर्थ दिला. निशी आमाने यांनी तत्त्वज्ञानाला 'तेत्सुगाकु' शब्द दिला. समाजासाठी 'शाकाई' रुजला, व्यक्तीसाठी 'कोजिन'. घराणं होतं, गाव होतं, मालक-चाकर होते. पण या सगळ्यांतून सुटा काढलेला एकटा माणूस, ही कल्पनाच नवी होती. यांतले अनेक शब्द पुढे चिनी भाषेनंही उचलले. 'कोजिन' हा शब्द लक्षात ठेवा, शेवटी परत लागेल.

आता वाक्याच्या शेपटाकडे. इथे मदतीला आला एक गोष्टी सांगणारा. सान्युतेई एन्चो हा तोक्योतला नावाजलेला कथनकार. उशीवर गुडघे मोडून बसायचं आणि एकट्यानं सगळी पात्रं बोलायची, ही 'राकुगो' नावाची कला. १८८२ मध्ये ताकुसारी कोकी यांनी जपानीसाठी लघुलेखनाची पद्धत तयार केली आणि दोनच वर्षांत, १८८४ मध्ये, एन्चोची भुताची कथा लघुलेखकांनी शब्दन् शब्द टिपून छापली. कथेचं नाव 'बोतान दोरो', म्हणजे बोतान फुलांचा कंदील. मेलेली तरुणी रोज रात्री प्रियकराकडे येते आणि तिच्या लाकडी खडावांचा आवाज येतो, 'कारान कोरोन, कारान कोरोन'. जपानी भुतांना पाय नसतात, पण हिच्या खडावा वाजतात! माणसाच्या तोंडची भाषा तिच्या श्वासासकट, अडखळण्यासकट कागदावर उतरली आणि लोकांनी ती झुंबड करून वाचली.

याच सुमारास त्सुबोउची शोयो हे तरुण समीक्षक सांगत होते, की कादंबरीनं बोधामृत पाजायचं सोडून माणसाचं मन दाखवावं. त्यांचा 'शोसेत्सु शिन्झुई' हा ग्रंथ १८८५-८६ चा. त्यांच्याकडे एक रशियन शिकलेला मुलगा आला. कादंबरी लिहायची आहे, पण लिहू कसं? शोयोंनी सांगितलं, एन्चो बोलतो तसं लिहून पाहा. हा मुलगा म्हणजे फुताबातेई शिमेई. त्यानं पुढे आठवणीत लिहिलंय, की 'देसु', 'गोझाइमासु' अशी आदराची रूपं घ्यावीत की साधं 'दा' ठेवावं, यावर तो अडला होता. शोयोंचं मत पडलं, आदर नको. तेव्हा त्यानं 'दा' घेतलं. त्याच वेळी यामादा बिम्यो नावाचा दुसरा तरुण 'दा' वापरून पाहून 'देसु'कडे वळत होता. एका क्रियापदावर रात्री जागवणारी ही पोरं विशी-पंचविशीतली होती.

फुताबातेईची 'उकिगुमो' १८८७ पासून प्रसिद्ध झाली. नाव नवं असल्यानं पहिल्या भागावर शोयोंचं नाव घालावं लागलं. सुरुवात मुद्दाम बघण्यासारखी आहे. महिना सांगायला तो प्राचीन काव्यातलं एक भारदस्त विशेषण आणतो आणि लगेच खाली उतरतो, तारीख २८, दुपारचे तीन, आणि तोक्योतल्या 'कान्दा' या भागाच्या वेशीतून सुटलेले सरकारी कारकून बाहेर पडतायत. मग त्यांच्या मिशांची वर्णनं, त्यांत एक बिस्मार्क छापाची मिशीसुद्धा. हजार वर्षांची कविता आणि कचेरी सुटल्याची वेळ एकाच दमात! नायक बुन्झो हा जुन्या राजवटीतल्या सामुराईचा मुलगा, आता कारकून, आणि पहिल्याच प्रकरणात ती नोकरीही गेलेली. वरच्यांची मर्जी राखणं त्याला जमत नाही. काकूच्या घरी माडीवर बसून तो विचार करत राहतो, ज्या मुलीवर जीव आहे तिच्याशी धड बोलू शकत नाही. कादंबरी अपुरीच राहिली. मला ती अपुरी असूनही मोठी वाटते, कारण जपानीत एका माणसाच्या डोक्यातली घालमेल इतक्या जवळून आणि बोलत्या भाषेत प्रथमच ऐकू आली.

१८८८ मध्ये त्यानं तुर्गेनेव्हच्या एका कथेचं भाषांतर केलं. मूळ रशियनमध्ये जितके स्वल्पविराम, जितके पूर्णविराम, तितकेच जपानीत ठेवायचे, असा त्याचा तेव्हाचा आग्रह होता. लय उतरली पाहिजे म्हणून. दहा वर्षांनी कुनिकिदा दोप्पो या लेखकानं तोक्योबाहेरच्या पानगळीच्या साध्यासुध्या रानावर लिहिताना हे भाषांतरच उद्धृत केलं आणि या रानाचं सौंदर्य आपल्याला त्यातून कळलं असं मोकळेपणी सांगितलं. रान तिथंच होतं, पण कवितेच्या ठरीव यादीत पाईन आणि साकुरा होते. नव्या गद्यानं नवं रान दाखवलं. फुताबातेई पुढे वार्ताहर म्हणून रशियाला गेला, तिथे आजारी पडला आणि १९०९ मध्ये बोटीनं परतताना आपल्या बंगालच्या उपसागरात त्याचा अंत झाला. अंत्यसंस्कार सिंगापूरला झाले.

पण ही नव्याची सरळ विजययात्रा होती असं समजू नका. १८९० च्या सुमारास वारं उलटं फिरलं. जर्मनीत शिकून आलेल्या मोरी ओगाई यांनी आपली बर्लिनमधली प्रेमकथा जुन्या डौलदार शैलीत लिहिली. आणि या काळातलं माझ्या मते सर्वांत जिवंत गद्य एका बाईनं जुन्याच भाषेत लिहिलं. हिगुची इचियो. वडील गेले, आई आणि बहिणीची जबाबदारी अंगावर, म्हणून १८९३ मध्ये तिनं योशिवारा या वेश्यावस्तीच्या जवळ किरकोळ सामान आणि खाऊचं छोटं दुकान मांडलं. वर्षभरही चाललं नाही. पण काउंटरमागून तिनं गल्लीतली पोरं पाहिली, आणि त्यातून 'ताकेकुराबे' आलं. मोठं होऊन बहिणीसारखीच त्या वस्तीत जाणार हे ठरलेली मिदोरी आणि भिक्षू होणार हे ठरलेला नोबू. मुलांची भांडणं, जत्रा, पावसात तुटलेला चपलेचा बंद, आणि शेवटी दंव पडलेल्या एका सकाळी फाटकाच्या जाळीतून कुणीतरी आत सरकवून ठेवलेलं कागदी नर्गिसाचं फूल. कुणी ठेवलं ते सांगितलेलं नाही. इचियोची वाक्यं जुन्या क्रियापदांवर संपतात, पण मध्येच पोरांचे आवाज अवतरणचिन्हांशिवाय मिसळून जातात. १८९६ मध्ये क्षयानं ती गेली, वय २४. नवी शैली आली म्हणजे जुनी मेली असं कुणी म्हणालं, की मला इचियो आठवते.

गाठ सुटली ती 'दे आरु' या रूपानं. 'दा' जरा उद्धट वाटे, 'देसु' अदबीचं. 'दे आरु' व्याख्यानात वापरलं जाई, आणि ते कुणा एकाला उद्देशून नसे. वरच्याशी नाही, खालच्याशी नाही, जो कोणी वाचेल त्याच्याशी. ओझाकी कोयो यांनी १८९६ च्या कादंबरीत ते सफाईनं वापरलं, आणि १९०५ मध्ये नात्सुमे सोसेकीच्या एका मांजरानं ते घरोघर पोचवलं. 'वागाहाई वा नेको दे आरु', 'अस्मादिक मांजर आहेत'. 'वागाहाई' हा बड्या असामीनं स्वतःसाठी वापरायचा 'मी', आणि बोलणारं मांजर नाव नसलेलं, बेवारशी. लोक पोट धरून हसले, आणि हसता हसता ते वाक्य कानात मुरलं. ज्या 'होतोतोगिसु' मासिकात ही मांजराची कथा आली, ते सोसेकीचा मित्र मासाओका शिकी याच्या वर्तुळातलं. अंथरुणाला खिळलेला शिकी जे डोळ्यांना दिसतं तेच साधं लिहा, असं सांगत राहिला. शिरीष पै यांच्यामुळे मराठीत घरचा झालेला 'हायकू' शब्दही स्वतंत्र कवितेच्या अर्थानं रूढ केला तो शिकीनंच. १९०७ मध्ये सोसेकी विद्यापीठातली नोकरी सोडून 'आसाही' वर्तमानपत्रात दाखल झाला. कादंबरी आता रोज सकाळी दारात येणार होती.

(जाता जाता: हा लेख मी 'झालं', 'केलं' असा लिहितोय, 'झाले', 'केले' असा नाही. आपल्यातही हे वळण बोलण्यातून छापण्यात आलंय. त्यामुळे फुताबातेईची अडचण मराठी वाचकाला लवकर उमगेल असं वाटतं.)

या कथेची एक बाजू दुखरी आहे आणि ती झाकून ठेवता येत नाही. 'बोलतो तसं लिहा' म्हटलं, पण कोण बोलतो तसं? जर्मनीहून परतलेल्या उएदा काझुतोशी यांनी १८९४ मध्ये एक भाषा, एक राष्ट्र असा विचार मांडला आणि प्रमाण म्हणून पुढे आली ती तोक्योतल्या सुशिक्षितांची बोली. १९०४ पासून देशभर सरकारी क्रमिक पुस्तकं लागली. पहिल्या वाचनपुस्तकाची सुरुवातच 'इ, ए, सु, शि' या अक्षरांनी होती, कारण ईशान्येकडच्या बोलींत इ-ए आणि सु-शि यांची गल्लत होते. म्हणजे शाळेचा पहिला धडा हा काही मुलांसाठी स्वतःच्या आईच्या उच्चाराची दुरुस्ती होता. १८७९ मध्ये जपाननं ताब्यात घेतलेल्या ओकिनावात तर शाळेत घरची भाषा बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडी पाटी अडकवत. दुसरं कुणी तसं बोलताना सापडलं की पाटी त्याच्या गळ्यात. मुलांनीच मुलांना पकडून द्यायचं. तैवान आणि कोरियावरही पुढे हीच 'राष्ट्रभाषा' लादली गेली.

उत्तरेतल्या ऐनू या मूळ रहिवाशांच्या वाट्यालाही हेच आलं. पण चिरी युकिए या ऐनू मुलीनं आपल्या आजीकडून ऐकलेली देवगाणी रोमन लिपीत उतरवली आणि समोरच्या पानावर सुंदर बोलत्या जपानीत त्यांचा अनुवाद केला. जी भाषा तिच्या लोकांची भाषा गिळत होती, तिच्यातच तिनं त्यांचं गाणं जपून ठेवलं. १९२२ मध्ये हे काम पुरं करून ती गेली, अवघ्या १९ व्या वर्षी. पुस्तक पुढच्या वर्षी आलं.

१९२० च्या दशकाच्या सुरुवातीला मोठ्या वर्तमानपत्रांचे अग्रलेखही बोलत्या भाषेत आले. उरलं फक्त सरकार. कायदे, फर्मानं, लष्करी हुकूम जुन्याच ग्रंथभाषेत राहिले. म्हणून १९४५ च्या त्या दुपारी लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले.

पराभवानंतर जुने प्रश्न पुन्हा उसळले. शिगा नाओया यांच्यासारख्या मान्यवर कथाकारानं १९४६ मध्ये चक्क फ्रेंच स्वीकारा असं सुचवलं. मोरी आरिनोरींच्या इंग्रजीनंतर ७० हून अधिक वर्षांनी! ते झालं नाही. त्याच वर्षी सरकारनं रोजच्या वापरासाठी १,८५० चिनी अक्षरांची यादी ठरवली आणि शुद्धलेखन उच्चाराजवळ आणलं. फुलपाखराला म्हणायचे 'चोचो', पण लिहायचे 'तेफु-तेफु'. आता 'चोचो'सारखंच लिहायला लागले. आपल्याकडे १९६२ च्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, तसंच हे.

आणि नवं संविधान. लेखक यामामोतो युझो आणि इतरांनी आग्रह धरला, की लोकांचा कायदा लोकांच्या भाषेत असू द्या. मसुदा बोलत्या जपानीत उतरला. मेइजी संविधानाचं पहिलं कलम सम्राट साम्राज्यावर राज्य करतो असं सांगताना 'तोची सु' असं जुन्या रूपावर थांबत होतं. ३ नोव्हेंबर १९४६ ला जाहीर झालेल्या संविधानात त्या 'सु'च्या जागी सगळीकडे साधं 'सुरु' आहे. माएजिमांच्या अर्जाला तेव्हा ८० वर्षं झाली होती. त्यातलं १३ वं कलम उघडलं, की पहिलं वाक्य दिसतं: 'सुबेते कोकुमिन वा, कोजिन तोशिते सोन्चो सारेरु'. सर्व नागरिकांचा व्यक्ती म्हणून आदर राखला जाईल. 'कोजिन' तिथंच आहे, आणि वाक्य संपतं ते शाळकरी पोरालाही कळेल अशा क्रियापदावर.